खालच्या मजल्यावरचं छत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 36 वर्षांचा, भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. मार्चमध्ये चिंचवडला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. इमारत 1997 ची. 27 लाखांना पडला, त्यात 20 लाखांचं कर्ज. राहतो ते घर वेगळं. हा फ्लॅट गुंतवणूक म्हणून. नीटनेटका करायचा, भाव आला तर लगेच विकून दुसरा घ्यायचा, नाहीतर भाड्याने द्यायचा. शेजारच्या तशाच फ्लॅटला 12 हजार भाडं येतं. कंत्राटदाराने महिन्याभराचं काम सांगितलंय आणि 4 लाख 20 हजार मागितलेत. त्यात माल 2 लाख 60 हजारांचा आणि मजुरी 1 लाख 60 हजार. ही मजुरी मला खुपते. ड्रिलिंग, वेल्डिंग, पाइपाचं काम मी रोजच करतो. माझे साडू न्यू जर्सीत असतात. त्यांनी घरं घेऊन, स्वतःच्या हाताने दुरुस्त करून आज चार भाड्याने दिलीत. त्यांचे व्हिडिओ बघितले की हात शिवशिवतात. मला रविवार आणि एक आड शनिवार सुट्टी असते. बायको म्हणते, दोन वर्षं रविवारी तुझं तोंड दिसणार नाही. सगळं काम स्वतः करू का?

उत्तर : सगळं करू नका. पण तुमचा हात शिवशिवतोय तो उगाच नाही, त्यामुळे ‘गप कंत्राट देऊन टाका’ असंही मी म्हणणार नाही. कुठली कामं तुमची आणि कुठली नाहीत, एवढाच प्रश्न आहे. आधी हिशोब करू, कारण तुम्ही पत्रात रुपये मांडलेत, दिवस मांडले नाहीत.

कंत्राटदाराचा महिना म्हणजे कामाचे 26 दिवस. रोज सरासरी तीन माणसं धरा : गवंडी, त्याचा बिगारी, कधी प्लंबर, कधी वायरमन, शेवटी रंगारी. झाले 78 मनुष्यदिवस. तुम्हाला महिन्यात सुट्टीचे दिवस मिळतात सहा. म्हणजे तुम्ही गवंड्याइतके, सुताराइतके आणि रंगाऱ्याइतके सराईत आहात असं मानलं तरी 13 महिने लागणार. कंत्राटदार एका महिन्यात चावी हातात देतो, तुम्ही तेराव्या महिन्यात. मधल्या 12 महिन्यांचं 12 हजारांप्रमाणे भाडं गेलं 1 लाख 44 हजार. मजुरी वाचली 1 लाख 60 हजार. उरले 16 हजार, भागिले 78. दिवसाला साधारण 205 रुपये. या पैशांत मजूर अड्ड्यावरचा बिगारीसुद्धा तुमच्यासोबत टेम्पोत चढणार नाही, आणि तुम्ही मात्र वर्षभराचे रविवार देणार.

यात टाइल कटर आणि ब्रेकर मशीनचं भाडं धरलेलं नाही. लग्नकार्य, ताप, ओव्हरटाइम, पोरांच्या परीक्षा काहीच धरलं नाही. 20 लाखांवर व्याज साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर साधारण 17,350 रुपयांचा हप्ता रिकाम्या घरावर दर महिन्याला जातच राहणार.

शिवाय सोसायटीला विचारलंत का? बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीला रविवारी बंदी असते, आणि इतर दिवशीही दुपारी दोन ते चार हातोडा खाली ठेवावा लागतो. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही मोकळे त्या दिवशी काम बंद. हा नियम तुमच्याकडे लेखी आहे का, ते सेक्रेटरींना आजच विचारा. काम सुरू करायच्या आधी कमिटीची लेखी परवानगी लागतेच, त्यासाठी अर्ज द्यायचाच आहे.

आता साडूंचं. त्यांचं कौतुक आहेच, पण त्यांच्या व्हिडिओतलं घर नीट बघा. तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. बोर्ड कापला की आतली वायर, पाइप समोर दिसतो. चुकलं तर नवा बोर्ड लावायचा, सांधा बुजवायचा. सुटं घर असेल तर खाली बहुधा त्यांचंच तळघर. तुमच्या चिंचवडच्या फ्लॅटची भिंत विटांची, तिच्यावर सिमेंटचा गिलावा, आणि पाइप त्यात पुरलेला. तुमची फरशी ही दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं छत आहे. साडूंना सहज विचारून बघा, भाड्याने द्यायच्या घरात वायरिंग आणि प्लंबिंग ते स्वतः करतात का. न्यू जर्सीत मालक स्वतः राहत असलेल्या घरापुरती ही सूट आहे. भाड्याच्या घरात परवाना असलेलाच माणूस लागतो. व्हिडिओत बहुधा रंग, बोर्ड आणि फरशीच दिसत असणार.

‘पाइपाचं काम मी रोजच करतो’ हे वाक्य वाचून मला माझा 2009 चा भाद्रपद आठवला. डोंबिवलीला आमचा एक जुना वन आरके होता, भाडेकरू नुकताच सोडून गेलेला. बाथरूमचा नळ गळत होता. प्लंबर साडेतीनशे रुपये मागत होता. मी म्हटलं, नळ बदलायला साडेतीनशे? पाना घेतला आणि बसले. नळ जाम. थोडा जोर लावला, अजून थोडा लावला, आणि भिंतीच्या आत ‘कट्’ असा आवाज आला. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा जुना पाइप. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून आटे गंजून पापुद्र्यासारखे झालेले असतात. नळ माझ्या हातात आला आणि पाइपाचा तुकडा भिंतीत राहिला. गच्चीवर धावले, तर आमच्या लाइनीचा व्हॉल्व्हही गंजलेला, फिरेना. शेवटी टाकीचाच मेन बंद केला. हरितालिकेची सकाळ, अख्ख्या विंगला पाणी नाही, आणि खालच्या आजींच्या माळ्यावर गौरीचं सामान काढून ठेवलेलं, त्यावर धार. साडेतीनशे वाचवायला गेले आणि भिंत फोडणं, पाइप बदलणं, आजींच्या छताचा रंग धरून नऊ हजारांच्या वर गेले. आजी मला पुढची चार वर्षं ‘प्लंबरबाई’ म्हणत होत्या.

तुमची इमारत 1997 ची. पाइप बदललेले नसतील तर तेही जीआयचेच असण्याची शक्यता दाट आहे. कारखान्यातला पाइप डोळ्यांसमोर असतो, काम सुरू करण्याआधी लाइन बंद केल्याची खात्री होते, आणि तुमच्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी नजर फिरते. भिंतीत पुरलेल्या पाइपाला यातलं काही नसतं. तुमच्या हातात कला नाही असं मी म्हणत नाही. ती कला त्या भिंतीवर शिकू नका, एवढंच.

म्हणून बाथरूम, संडास आणि मोरीचं ओलं काम पूर्ण कंत्राटदाराला द्या. गळतं ते टाइल्समधून नव्हे, टाइल्सच्या खालून. जुन्या टाइल्स आणि कोबा उखडला की खाली स्लॅब लागतो. पाणी झिरपायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या भोवतालच्या सांध्यात आणि भिंत-फरशी मिळते त्या कोपऱ्यात. तिथे गोलाई काढून वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर वर चढवावा लागतो. तो वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि 48 तास तसंच ठेवायचं. मग खालच्या घरी जाऊन छत बघायचं. कोरडं असेल तरच पुढे टाइल्स. कामगारांना हे 48 तास जड जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘झालं की साहेब, कुठे गळतंय?’ म्हणून पाणी सोडून मोकळे होतात. तुमची खरी गरज इथे आहे. दोन दिवसांची रजा टाका, पण ते पाणी तुम्ही स्वतः सोडा.

ढाळ तपासायला पाणसळ आहेच, पण मी गोटी ठेवते. बाथरूमच्या चारही कोपऱ्यांतून सोडलेली गोटी ट्रॅपपाशी आली पाहिजे. एका कोपऱ्यात रेंगाळली तर तिथे रोज पाणी साचणार आणि भाडेकरू रोज वायपर मारणार. हे टाइल्स पक्क्या व्हायच्या आत बघायचं, नंतर गोटी नुसती खेळायला.

आणखी एक काम कंत्राटदार करणार नाही, ते तुम्ही करा. नवे पाइप आणि वायरीच्या नळ्या झिरी मारून बसवल्या की गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि फोटोत मेजरिंग टेप उघडून धरा : एक फरशीपासून उंची दाखवणारी, एक कोपऱ्यापासून अंतर दाखवणारी. पाच वर्षांनी कुणी आरसा लावायला ड्रिल मारेल तेव्हा हा फोटो नवीन बाथरूमच्या किमतीचा ठरतो. माझ्याकडे डोंबिवलीच्या घराचे असे बावीस फोटो आहेत, अर्थात 2009 नंतरचे.

वायरिंगबद्दल वाद नको. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं, म्हणजे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही असं काम सोडलं, तर बाकीचं परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं असा नियम आहे. जुन्या फ्लॅटमध्ये गिझरचा पॉइंट कुणीतरी लाइटच्या वायरीवरून ओढलेला असतो, अर्थिंगची वायर खटक्याच्या डब्यातच संपलेली असते. गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर मेन बोर्डापासून आणायला सांगा, आणि बोर्डावर 30 मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. तुमच्या घरात उद्या दुसऱ्याची लहान पोरं अंघोळ करणार आहेत.

भिंती पाडायचा विचार असेल तर तो सोडा. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत काढणं, कपाट आत सरकवायला कॉलम तासणं, मोरी दुसरीकडे नेणं, हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय आणि सोसायटीच्या परवानगीशिवाय करायचं नाही. बाल्कनीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ग्राइंडरने कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आणि त्याची धूळ छातीत गेली की परत येत नाही. पत्रा ओला करून अख्खा उतरवून घ्यायचा.

मग तुमच्यासाठी काय उरलं? रंग. तो मात्र पूर्ण तुमचा. कंत्राटदाराकडून मजुरी कामानुसार फोडून घ्या. माझ्या अंदाजाने 1 लाख 60 हजारांतले साधारण 35 हजार रंगाचे निघतील, आणि जुनं काढून राडारोडा खाली नेण्याचे 10-15 हजार. राडारोडा त्यांनाच उचलू दे. तिसऱ्या मजल्यावरून गोण्या उतरवून कंबर धरली तर भोसरीची हजेरी बुडेल. फक्त तो महापालिकेच्या ठरलेल्या जागी जातो की रात्री पवना नदीच्या काठी ओतला जातो, ते बघा. दंड शोधत येतो तो मालकाच्या नावावर.

रंगाला मात्र घाई करू नका. तुम्ही पत्र पाठवलंय आषाढात, हा उत्तम योग आहे. पावसाळ्यात घर खोटं बोलत नाही. आत्ता जाऊन पश्चिमेकडच्या भिंतीवर आणि खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत हात फिरवा. पोपडा, पांढरी बुरशी, गार ओलसरपणा दिसला तर खडूने खूण करा आणि फोटो काढा. बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) आहे; तुमच्या बाथरूममधून होणारी गळती तुमची. बाहेरची भेग तशीच ठेवून आतून लांबी (पुट्टी) भरणं म्हणजे ओल्या अंगावर पावडर. फोटो जोडून सोसायटीला पत्र द्या आणि पोच घ्या. रंग दसऱ्यानंतर.

तेव्हा साठलेल्या रजेतली सलग आठ दिवसांची टाका. जुना डिस्टेंपर पाणी मारून खरवडायचा; कोरडा खरवडला तर धूळ उडते, ओला केला तर चिखल होऊन गळतो. साधा रुमाल नको, एन-95 मास्क. मग लांबीचे दोन हात, मधे वाळायला पूर्ण वेळ. पॉलिश पेपर मारताना भिंतीला तिरका टॉर्च लावा, सरळ उजेडात न दिसणारा खड्डा त्या तिरप्या उजेडात विहिरीएवढा दिसतो. प्रायमर, मग रंगाचे दोन हात. छत आधी, भिंती नंतर. नवशिक्यांचा रंग बिघडतो तो रंगात नाही, खरवडण्यात. तिथे कंटाळलात की वर्षभरात पापुद्रे सुटतात. घरात घरचीच माणसं असल्यामुळे हा आठवडा मजेचाही जातो. तुमच्या बायकोने रोलर हातात घेतला तर तिच्या तक्रारीचं निम्मं निवारण तिथेच होईल. उरलेलं निम्मं तुमचं तुम्ही बघा.

नळाच्या तोट्या, शॉवर, टॉवेल रॉड, पडद्यांचे दांडे, दारांच्या कड्या-बिजागऱ्या, जाळ्या हेही तुमचं. खिडकीचं ग्रिल तर तुम्हीच वेल्ड कराल. आणि माल स्वतः आणा. 2 लाख 60 हजारांत कंत्राटदाराचं कमिशन कुठे लपलंय ते पुण्याच्या बोहरी आळीत दोन दुकानं फिरलात की कळेल. टाइल्स घेताना मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर बघा. उरलेल्या चार टाइल्स माळ्यावर ठेवून द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचे पंधरा टक्के 48 तासांची परीक्षा पास झाल्यावर आणि सगळे खटके चालू करून दाखवल्यावर.

‘भाव आला तर लगेच विकायचा’ हे मला पटलेलं नाही. 27 लाखांवर तुम्ही मुद्रांक शुल्क सात टक्के भरलं असेल, म्हणजे 1 लाख 89 हजार, वर नोंदणीचे 27 हजार. (फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला असता तर एक टक्का सवलत होती, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.) विकताना दलालाचे एक-दोन टक्के. म्हणजे नुसतं बरोबरीला यायला फ्लॅट अडीच लाखांनी वर गेला पाहिजे, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. आणि 24 महिन्यांच्या आत विकलात तर नफा तुमच्या पगारात मिळवून त्या दराने कर बसतो. त्यानंतर विकलात तर साडेबारा टक्के.

इथे स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याला आणखी एक चिमटा बसतो. कंत्राटदाराने नवं बाथरूम बांधून बिल दिलं आणि तुम्ही बँकेतून पैसे दिले, तर तो खर्च विक्रीच्या नफ्यातून सुधारणा म्हणून वजा मागता येतो. तुमच्या घामाचं बिल नसतं, त्यामुळे तो वजा होत नाही. नुसती रंगरंगोटी ही डागडुजी, तीही सहसा धरत नाहीत. भाड्याने दिलात तर प्रश्न सोपा आहे. महापालिकेचा कर वजा जाता जे भाडं उरतं त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही खर्च कितीही करा नाहीतर शून्य करा. म्हणून भाड्याच्या घरात लाडाकोडाचं काम नको. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं खोल सिंक, भरपूर खटके, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी. भाडेकरू आल्या आल्या नळ सोडून पाण्याचा जोर बघतो आणि मोबाइल कुठे चार्ज होईल ते शोधतो. फॉल्स सीलिंगसाठी कुणी हजार रुपये जास्त देत नाही.

भाडेकरू ठरला की करार नोंदणीकृत करा, पोलिसांकडे माहिती द्या. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

तर रंग, जोडकाम, खरेदी आणि देखरेख तुमच्याकडे ठेवलीत तर 60-70 हजार वाचतील असा माझा अंदाज आहे, आणि फ्लॅट दिवाळीच्या आसपास भाड्याला लागेल.

पहिला हातोडा पडण्याच्या आधी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवा. पेढे वगैरे नेऊ नका, लाच दिल्यासारखी वाटते. काम कधी सुरू होणार, कधी संपणार, नंबर हा घ्या, एवढं सांगा. आणि त्यांच्या बाथरूमचं, स्वयंपाकघराचं छत त्यांच्यासमोर मोबाइलवर टिपून त्यांनाही पाठवा. ओल आधीपासून असेल तर ती त्या फोटोत तारखेसकट येते. माझ्याकडे आजींच्या माळ्याचा तसा फोटो नव्हता, त्यामुळे त्यांच्या छताचा 1994 पासूनचा डागही मीच रंगवून दिला.